इंजिन नव्हे, सांधे तपासा

‘१९९३ ची माझ्दा आरएक्स-७, व्ही-८ इंजिन बसवलेले, नव्वद टक्के काम पूर्ण, वेळेअभावी विकणे आहे.’ अमेरिकेतल्या जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या बाजारात या धर्तीची जाहिरात कुठे ना कुठे असतेच. सोबत चकचकीत इंजिनाचे छायाचित्र असते, सुट्या भागांच्या पावत्यांची बेरीज असते आणि मागितलेली किंमत त्या बेरजेच्या निम्मी असते. अशा गाड्यांची ओढ असलेल्याच्या मनात लगेच हिशेब सुरू होतो: पैसे दुसऱ्याने घातले, घाम दुसऱ्याने गाळला, आपण फक्त उरलेले दहा टक्के करायचे. हा हिशेब चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण म्हणून अशी गाडी कधीच घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. इंजिन बदललेली गाडी घ्यावी की नाही, हे त्या इंजिनावरून ठरत नाही. दोन परक्या यंत्रांना जोडणारे सांधे कसे आहेत आणि त्या सांध्यांची साक्ष देणारे कागद आहेत का, यावरून ते ठरते. ज्या गाडीचे काम अर्धवट आहे तिची किंमतही झालेल्या खर्चावरून काढू नये. उद्या ती सुटी करून विकली तर हाती काय येईल, तेवढीच तिची किंमत.

उदाहरणासाठी आरएक्स-७ च घेऊ, कारण हा सगळा प्रश्न तिच्यात एकवटला आहे. तिची तिसरी पिढी, जाणकारांच्या बोलीत ‘एफडी’, १९९१ च्या अखेरीस जपानमध्ये आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली. अमेरिकेत मात्र ती १९९३ ते १९९५ या तीनच मॉडेल वर्षांत विकली गेली. वजन सुमारे १,२७० किलो, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास निम्मे निम्मे. पुढे १३बी-आरईडब्ल्यू हे दोन रोटरचे व्हँकेल इंजिन. त्याचे घनफळ फक्त १,३०८ घनसेंटिमीटर, पण एकापाठोपाठ एक कामाला लागणाऱ्या दोन टर्बोंमुळे ताकद २५५ अश्वशक्ती. या इंजिनात पिस्टन नसतो. त्रिकोणी रोटर एका लांबट पोकळीत फिरतो आणि त्याच्या तीन टोकांवरच्या बारीक पट्ट्या, म्हणजे अपेक्स सील, वायू अडवून धरतात. इंधनाचे मिश्रण बिघडले किंवा उष्णता हाताबाहेर गेली की पहिला बळी या पट्ट्यांचा जातो. एक लाख मैल पुरे होण्याआधी इंजिन उघडून पुन्हा बांधावे लागले, तर या गाडीच्या मालकांना त्याचे नवल वाटत नाही. टर्बोंचे नियंत्रण करणाऱ्या रबरी नळ्यांचे जाळे तीस वर्षांत कडक होऊन तडकते, आणि रोटरी जाणणारा मिस्त्री सगळीकडे मिळत नाही. परिणामी देखणी, उत्तम वळणारी, पण मेलेल्या इंजिनाची अशी बरीच एफडी गॅरेजांत उभी राहिली.

त्या रिकाम्या जागेत जनरल मोटर्सचे एलएस१ आले. १९९७ च्या कॉर्व्हेटबरोबर बाजारात आलेले हे ५.७ लिटरचे व्ही-८ कागदावर जुनाट वाटते. कॅमशाफ्ट ब्लॉकच्या पोटात, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह. पण त्या जुन्या रचनेमुळेच त्याचे डोके लहान राहते आणि बाहेरून ते त्याच्या घनफळाच्या मानाने फार आटोपशीर असते. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, कॉर्व्हेटमधली सुरुवातीची ताकद ३४५ अश्वशक्ती. पुढे कॅमॅरो आणि फायरबर्डमध्येही ते बसले, त्यामुळे अपघातग्रस्त गाड्यांतून काढलेली इंजिने मुबलक आणि सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. एफडीच्या नाकात हे इंजिन बसते आणि वजनाचा तोल फारसा बिघडत नाही, कारण टर्बो, इंटरकूलर आणि त्यांच्या नळ्या निघून गेल्यावर मूळ रोटरीचे हलकेपण वाटते तेवढे मोठे राहत नाही. म्हणजे कल्पना वेडी नाही. ती चांगली आहे, आणि म्हणूनच ती अनेकांनी अर्धवट सोडली आहे.

इंजिन बदलणे म्हणजे मुळातच भ्रष्ट काम, असे मानणारा एक वर्ग आहे. त्याला इतिहासच उत्तर देतो. इंग्लंडच्या एसी कंपनीची ‘एस’ ही हलकी दोन आसनी गाडी ज्या ब्रिस्टल इंजिनावर चालत होती, ते बनणे १९६१ मध्ये थांबले. कॅरोल शेल्बी यांनी तिच्यात फोर्डचे व्ही-८ बसवण्याचा प्रस्ताव मांडला आणि १९६२ मध्ये कोब्रा जन्मली. पहिली कोब्रा २०१६ मध्ये लिलावात १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलरना गेली. पण त्या गाडीत फक्त इंजिन बदलले नव्हते. मागचे डिफरन्शियल बदलून जग्वार ई-टाइपमध्ये वापरल्या जाणाऱ्या जातीचे मजबूत सॅलिसबरी डिफरन्शियल घातले गेले. रुंद इंजिनाला वाट मिळावी म्हणून स्टिअरिंगचा बॉक्स सरकवला गेला, आणि १९६३ मध्ये ती सगळी रचनाच टाकून रॅक-पिनियन घेतले गेले. १९६५ मध्ये सात लिटरचे इंजिन घालायची वेळ आली तेव्हा चासीच्या मुख्य नळ्या तीन इंचांवरून चार इंचांच्या कराव्या लागल्या. ताकद वाढली की तिच्या वाटेवरचा प्रत्येक दुवा नव्याने मोजावा लागतो, हे कोब्राच्या निर्मात्यांना पहिल्या दिवसापासून कळत होते. आपल्यासमोर उभ्या असलेल्या एफडीच्या मालकाला ते कळत होते का, एवढेच शोधायचे आहे.

तो शोध मागच्या चाकांपासून सुरू करावा. मूळ एफडीमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब ताठ तुळई असते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. डिफरन्शियलने नाक वर उचलू नये, हे काम ती करते. एलएस१ बरोबर साधारणपणे टी-५६ हा सहा गतींचा गिअरबॉक्स येतो, त्याला ही तुळई बसत नाही. ती काढावी लागते आणि डिफरन्शियलला धरायला नवा आधार बनवावा लागतो. आता आकडे पाहा. मूळ इंजिनाचा पीळ सुमारे २९४ न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.४८३ आणि शेवटचे गुणोत्तर ४.१०. गुणाकार केला तर मागच्या अक्षावर सुमारे ४,२०० न्यूटन-मीटर येतात. कॉर्व्हेटचे एलएस१ सुमारे ४७५ न्यूटन-मीटर देते. कॅमॅरोच्या टी-५६ चा पहिला गिअर २.६६ आणि मागे तेच ४.१० धरले, तर जवळपास ५,२०० होतात. पहिल्या गिअरमधली वाढ पावपटीच्या आतच आहे, हे पाहून अनेकांना धीर येतो. पण दोन्ही गाड्यांत चौथा गिअर सरळ १.०० आहे, आणि तिथे वाढ साठ टक्क्यांवर जाते. शिवाय टर्बोची वाट न पाहता, कमी फेऱ्यांपासूनच व्ही-८ चा हा पीळ मिळतो. त्यात मागे रुंद, चिकट टायर घातले आणि क्लच झटक्यात सोडला, की मूळ डिफरन्शियलवर त्याच्या घडणीपलीकडचा आघात होतो. म्हणूनच अनुभवी लोक त्या जागी फोर्डचे ८.८ इंची किंवा कॅडिलॅकचे डिफरन्शियल घालतात. गाडीखाली गेल्यावर तिथे मूळ डिफरन्शियल दिसले तर मालकाला विचारा, तुळई काढल्यावर त्याला धरलेय कशाने? या एका उत्तरात बाकीच्या कामाचा दर्जा कळतो.

गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणाऱ्या शाफ्टचा प्रश्न थोडक्यात असा. गिअरबॉक्सच्या टोकाचा आणि डिफरन्शियलच्या टोकाचा कल एकमेकांशी जुळलेला हवा आणि सांध्यांचा कोन अंशा-दोन अंशांचा, फार तर तीन अंशांचा असावा. इंजिन बसवताना ते बॉनेटखाली मावावे म्हणून खाली-वर केले आणि हा कोन मोजलाच नाही, तर ठरावीक वेगाला गाडी गुरगुरते आणि सांधे लवकर झिजतात. क्लचचेही एक वैगुण्य ध्यानात ठेवावे. एलएसच्या क्लचला ढकलणारा हायड्रॉलिक सिलिंडर गिअरबॉक्सच्या तोंडाशी, आतमध्ये असतो. तो गळू लागला तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पेडल मऊ लागत असेल तर ‘फक्त हवा काढायची राहिलीय’ या उत्तरावर विसंबू नये.

खरी परीक्षा वायरिंगमध्ये आहे, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच थांबतात. इंजिन उचलून बसवणे हे अंगमेहनतीचे काम आहे. तयार माउंट विकत मिळतात आणि आठवड्याच्या सुट्टीत इंजिन जागेवर जाते. छायाचित्रही त्याच दिवशी काढले जाते. त्यानंतर सुरू होते ते दिसत नाही. इंजिनाचा संगणक जनरल मोटर्सचा, गाडीतल्या बाकीच्या तारा माझ्दाच्या. फेऱ्यांचा काटा, वेगाचा काटा, तापमान, पंखे, इंधनपंप, वातानुकूलन आणि बॅटरी भरत नसल्याचा दिवा या सगळ्यांना एकमेकांची भाषा समजावून द्यायची असते. जनरल मोटर्सच्या संगणकातली चोरीविरोधी व्यवस्था रद्द केल्याशिवाय इंजिन चालूच राहत नाही. त्यात एफडीच्या इंजिनाभोवतीच्या मूळ तारा तीस वर्षे टर्बोंच्या उष्णतेत भाजून निघालेल्या असतात, त्यांचे आवरण हात लावताच तडकते. चांगल्या माणसाने केलेल्या कामात जोड योग्य हत्याराने दाबलेले, झाकलेले आणि उष्णतेपासून दूर नेलेले असतात, अर्थिंगची तार इंजिन, चासी आणि बॅटरी यांना जाड वायरने जोडलेली असते, आणि कुठली तार कुठे जाते याचा हाताने काढलेला का होईना, नकाशा असतो. वाईट कामात तारा पिळून वर चिकटपट्टी असते आणि सगळ्या तारा एकाच रंगाच्या असतात, कारण गुंडाळी त्याच रंगाची होती. अशा गाडीतला दोष इंजिन तापल्यावरच दिसतो, थंड झाल्यावर गायब होतो आणि तो शोधायला लागणारे तास कुणी आधी सांगू शकत नाही. नकाशा नसलेली गाडी म्हणजे जुन्या मालकाच्या स्मरणशक्तीवर चालणारी गाडी, आणि ती स्मरणशक्ती सौद्यात आपल्याला मिळत नाही.

थंडाव्याचेही असेच आहे. एलएस इंजिनाच्या डोक्यात अडकलेली वाफ आणि हवा बाहेर जावी म्हणून बारीक नळ्या दिलेल्या असतात. त्या रेडिएटरच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या वरच्या भागाला जोडायच्या असतात. जागा नाही म्हणून कुणी त्या बंद करून टाकल्या, तर हवेचा बुडबुडा डोक्याच्या वरच्या भागात अडकून राहतो. तिथला धातू तापत राहतो आणि काटा मात्र शांत असतो, कारण मापक दुसरीकडे आहे. इंधनाकडेही असेच लक्ष हवे. एलएस१ ला सुमारे ४ बार, म्हणजे ५८ पीएसआय, इतका स्थिर दाब लागतो. तो मिळत नसेल तर निष्क्रिय गतीला गाडी गोड चालते आणि पूर्ण जोर मागितल्यावर मिश्रण पातळ होते. म्हणजे दहा मिनिटांच्या फेरीत जी गाडी निर्दोष वाटते तिच्यातच हे दोन्ही दोष लपून असू शकतात.

आता नव्वद टक्क्यांच्या दाव्याकडे वळू. विक्रेता खोटे बोलतो, असे मला म्हणायचे नाही. तो वस्तूंच्या संख्येने मोजतो, आणि त्या मोजणीत तो बरोबर असतो: इंजिन आहे, गिअरबॉक्स आहे, माउंट, रेडिएटर, धूर-नळ्या सगळे आहे. पण उरलेल्या कामात प्रत्येक गोष्ट दुसरीवर अवलंबून असते. धूर-नळी स्टिअरिंगच्या दांड्याजवळून जाते म्हणून ती पुन्हा वाकवावी लागते. ती वाकवली की ऑक्सिजन सेन्सरची जागा बदलते, तार अपुरी पडते आणि संगणकातली मोजणी पुन्हा करावी लागते. घर पाहावे बांधून, असे आपल्याकडे म्हणतात. दुसऱ्याने अर्धे बांधलेले घर पुरे करताना तर आधी त्याच्या भिंतींत काय पुरले आहे तेच कळत नाही. गाडी स्वतःच्या बळावर रस्त्यावर धावलीच नसेल, तर इंधन, थंडावा, वायरिंग आणि शाफ्ट यांपैकी एकाचीही परीक्षा झालेली नाही. अशा गाडीला टक्केवारी लावणेच चुकीचे आहे. ती चालते किंवा चालत नाही.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद म्हणजे, ‘एलएस भरवशाचे इंजिन आहे, मग काळजी कशाची?’ इंजिन भरवशाचे आहे हे खरे, पण तो भरवसा कॉर्व्हेटच्या चासीत, कंपनीने आखलेल्या थंडाव्यात, कंपनीने बांधलेल्या तारांत मिळवलेला आहे. ते इंजिन तिथून उपटले की ख्याती सोबत येते, परिस्थिती येत नाही. शिवाय बॉनेटखाली एलएस१ च आहे का, हेही आधी पाहावे. जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकांमधले ५.३ लिटरचे इंजिन दिसायला बरेचसे तसेच असते, स्वस्त मिळते आणि जाहिरातीत ‘एलएस’ या एका शब्दाखाली खपून जाते. त्याच्या लोखंडी ब्लॉकमुळे पुढच्या चाकांवर सुमारे ४० किलो जास्त पडतात. ब्लॉकला साधा लोहचुंबक लावून पाहावा. चिकटला तर ते एलएस१ नाही. ते इंजिन वाईट असते असे नाही, पण एलएस१ चे पैसे त्याला देऊ नयेत. ब्लॉकवरचा ओतीव क्रमांक आणि इंजिन ज्या गाडीतून आले तिचे कागद एकमेकांशी जुळवावेत.

विकणाऱ्याला गाडीबद्दल जे माहीत असते ते घेणाऱ्याला माहीत नसते. जॉर्ज अकर्लॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्याच उदाहरणावरून दाखवले की या विषमतेमुळे घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी, म्हणजे संशयाची, किंमत देऊ लागतो. चांगल्या गाडीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि मागे वाईट गाड्या उरतात. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. कारखान्यातून आलेल्या गाडीला निदान दुरुस्तीचे पुस्तक असते, त्या जातीचे सर्वसाधारण दोष ठाऊक असतात. इंजिन बदललेली गाडी आपल्या जातीची एकटीच असते. म्हणून इथे कागदांचे मोल इतके मोठे आहे. नकाशा, भागांची यादी, काम चालू असतानाची छायाचित्रे, डायनोवरच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या, नोंदी आणि बसवल्यानंतर किती मैल चालली याची नोंद, एवढ्यानेच चांगले काम वाईट कामापासून वेगळे ओळखता येते. प्रामाणिक विक्रेत्याला हे दाखवण्यात स्वतःचाच फायदा असतो. पाहणीसाठी जाताना इंजिन थंडच ठेवायला सांगावे आणि पोहोचल्यावर हाताने तपासावे. मग गाडी सुरू करून, दिवे आणि वातानुकूलन लावून, पंखे आपोआप फिरेपर्यंत उभी ठेवावी. अर्धा-पाऊण तास चालवून बंद करावी आणि दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करावी. तापलेल्या अवस्थेतला हा दुसरा आरंभ बऱ्याच लपवलेल्या गोष्टी उघड करतो. शेवटी लिफ्टवर खालून पाहावी. वरची स्वच्छता विक्रीसाठी करता येते, खालचे वेल्डिंग आयत्या वेळी बदलता येत नाही.

यंत्र निर्दोष निघाले तरी कागद नसतील तर ती गाडी अंगणातच उभी राहते. कॅलिफोर्निया हे याचे कठोर उदाहरण आहे, आणि सान फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवती स्थायिक झालेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी कुणी असा सौदा करायचा विचार करत असेल, तर त्यांनी हा भाग नीट समजून घ्यावा. तिथे दर दोन वर्षांनी धुराची, म्हणजे स्मॉग तपासणी असते आणि तिच्यातून जुन्यातल्या फक्त १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना सूट आहे. १९९३ च्या एफडीला सूट नाही. इंजिन बदलायला बंदी नाही, पण नवे इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचे किंवा त्यानंतरचे हवे, त्याचे उत्सर्जन प्रमाणपत्र तितकेच किंवा अधिक कडक हवे. आणि ज्या गाडीतून ते आले तिची सगळी प्रदूषण-नियंत्रक सामग्री सोबत यायला हवी: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्यांच्या पुढचे-मागचे ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ पकडणारी व्यवस्था, १९९६ पासून सक्तीची झालेली ओबीडी-२ जोडणी आणि चालणारा ‘चेक इंजिन’ दिवा. हे सगळे रेफरी नावाच्या अधिकृत परीक्षकाकडे तपासले जाते, आणि पसंत पडले तर तो गाडीवर एक लेबल लावतो. पुढच्या प्रत्येक तपासणीला तेच लेबल आधार ठरते. हे लेबल असलेली एफडी आणि नसलेली एफडी या दोन वेगळ्या गाड्या आहेत. कॅलिफोर्नियात विक्रीच्या वेळी वैध स्मॉग प्रमाणपत्र देणे ही विक्रेत्याची जबाबदारी आहे आणि त्याची मुदत ९० दिवस असते. ‘ते तुम्ही करून घ्या, सोपे आहे’ असे कुणी म्हणाले, तर सोपे असते तर त्यानेच जास्त पैसे मिळवण्यासाठी करून घेतले असते, एवढा विचार करावा. फ्लोरिडात अशी तपासणी नाही, म्हणून तिथली स्वस्त गाडी पश्चिमेकडे आणण्याचा मोह होतो. तो सौदा बहुतेक वेळा महागात पडतो. संघीय कायदाही प्रदूषण-नियंत्रक सामग्री काढून टाकायला परवानगी देत नाही, राज्यात तपासणी असो वा नसो.

आता पैशांचे पाहू. पुढचे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी मानलेले आहेत. समजा मागणी २२ हजार डॉलरची आहे आणि पावत्या ४० हजारांच्या. तशीच, पण पूर्ण झालेली आणि नोंदणीकृत गाडी ३० हजारांना जाते. विक्रेत्याच्या मते उरलेले काम ६ हजारांचे. ते मी दुप्पट, म्हणजे १२ धरीन, कारण न चाललेल्या गाडीतले दोष त्याच्या अंदाजात असूच शकत नाहीत. एक मर्यादा झाली १८. आता दुसऱ्या बाजूने पाहा: इंजिन नसलेली धड चासी १० हजार, इंजिन-गिअरबॉक्स-संगणक मिळून ४, बाकीचे वापरलेले भाग २, सुटे करून विकले तर १६. दोन्हींतला लहान आकडा, १६ हजार, ही वरची हद्द. त्याच्या पुढे गेलो तर जुन्या मालकाच्या श्रमाचे पैसे आपण भरतो, आणि ते श्रम बाजारात कुणीही विकत घेत नाही. हे कठोर वाटेल. त्या माणसाने अनेक रविवार त्यात घातले आहेत, त्याबद्दल मला आदर आहे. पण बुडालेला खर्च भरून देण्याचे काम पुढच्या खरेदीदाराचे नाही. विम्याचाही विचार याच वेळी व्हावा: बदल लेखी कळवून, ठरलेल्या मूल्याचा विमा मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारावे, कारण साधा विमा अशा गाडीला तीस वर्षांच्या जुन्या माझ्दाच्या दराने मोजतो.

‘मला नफा-तोटा नको, शिकायचे आहे,’ हा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो. हाताने यंत्र उभे करण्याचा आनंद खरा आहे आणि तो हिशेबात बसत नाही. पण शिकायचेच असेल तर अर्धवट प्रकल्प ही वाईट शाळा आहे. तिथे पहिले कित्येक महिने दुसऱ्याच्या निर्णयांचा अर्थ लावण्यात जातात, आणि चूक आपली की त्याची हे कळत नाही. शिकणाऱ्याने गंज नसलेली, तारा शाबूत असलेली, इंजिन गेलेली मूळ गाडी घ्यावी आणि इंजिनबदल, म्हणजे स्वॅप, स्वतः पहिल्या बोल्टपासून करावा. ज्याला चालवायचे आहे त्याने पूर्ण झालेली, निदान काही हजार मैल चाललेली, कागदांसह असलेली गाडी जास्त पैसे देऊन घ्यावी. या दोघांच्या मधली वस्तू फक्त त्याच्यासाठी योग्य, ज्याने असे एक काम आधी शेवटाला नेले आहे.

भारतातल्या वाचकासाठी कायद्याची चौकट आणखी अरुंद आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने नोंदवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. जुनी जीप किंवा जिप्सी घेताना नोंदणी प्रमाणपत्रावरचा इंजिन क्रमांक प्रत्यक्ष इंजिनाशी जुळवून पाहणे हे इथे पहिले काम. तो जुळत नसेल आणि आरटीओची नोंद नसेल, तर गाडी कितीही चांगली चालत असो, तिथेच थांबावे.

राहिला रोटरीप्रेमींचा आक्षेप: १९९१ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या माझ्दा ७८७बी चे कुळ सांगणारी ही गाडी, तिचे इंजिन काढले की उरते काय? भावनेच्या बाजूने मी यावर वाद घालणार नाही. किमतीच्या बाजूने मात्र त्यांचे म्हणणे बाजाराने खरे ठरवले आहे. अमेरिकेत या गाड्या मुळात थोड्या आल्या आणि त्यांतल्या न छेडलेल्या गाड्यांना आज स्वॅप केलेल्यांपेक्षा संग्राहक जास्त पैसे मोजतात. म्हणून चासी कुठे कापली आहे का, मूळ माउंटच्या जागा शाबूत आहेत का, हे आवर्जून पाहा. आणि जुने १३बी, पॉवर प्लांट फ्रेम आणि मूळ गिअरबॉक्स विक्रेत्याच्या गॅरेजमध्ये अजून पडून असतील, तर ते निकामी असले तरी सौद्यात मागून घ्या.